हातमोजा

जेवायला बसलं की एकमेकांचे हात धरून प्रार्थना करायची, ही कूपरांच्या घरची रीत. नऊ वर्षांचा शेल्डन त्यासाठी हातमोजे चढवतो. बापाच्या आणि भावाच्या हातांना जंतू असतात ना!

‘यंग शेल्डन’ या टीव्ही मालिकेच्या २०१७ सालच्या पहिल्याच भागातलं हे दृश्य. गाव टेक्सासमधलं मेडफर्ड, काळ १९८९. हे पोरगं नवव्या वर्षी हायस्कुलात, तेही थोरल्या भावाच्याच वर्गात. बाप जॉर्ज तिथंच फुटबॉलचा कोच. गॅल्व्हेस्टनला असताना खेळाडूंच्या भरतीतली लबाडी त्यानं उघड केली आणि नोकरी गेली ती त्याचीच. नियमावर बोट ठेवून चालणाऱ्या शेल्डनला हे कळतं. त्या रात्री तो बापाचा हात मोजा न घालता धरतो. भावासाठी मोजा कायम!

हुशार मुलाला माणसं कळतात ती अशी, एकेका हातानं. आपण पाहुण्यांसमोर पोराला पाढे म्हणायला लावतो, स्कॉलरशिप मिळाली की पेढे वाटतो. आई जेवली का, हे विचारायला त्याला कोण शिकवतं? ‘हुशार आहे, चालायचंच’ असं म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. कारण ते वाक्य घरातलं दुसरं मूलही ऐकत असतं.

इथं ते दुसरं मूल म्हणजे मिसी, शेल्डनची जुळी बहीण. घरात कोण खट्टू आहे, हे तिला न सांगता कळतं. त्याचे कुणी मार्क देत नाही. माझ्या लेखी या घरातली अव्वल हुशारी तिचीच.

२०२४ मध्ये मालिका संपली. अखेरीस जॉर्ज हार्ट ॲटॅकनं जातो. तो शेवटचा घराबाहेर पडला तेव्हा शेल्डन आपल्याच नादात होता. अंत्यविधीच्या भागात पोरगा तोच क्षण मनात पुन्हा पुन्हा फिरवून बघतो. असं म्हणालो असतो तर? तसं म्हणालो असतो तर? बघताना घशात आवंढा येतो.

नवऱ्यामागे देवाला घट्ट धरून बसलेल्या शेल्डनच्या आईला, मेरीला वाटतं, मुलांनी बाप्तिस्मा घ्यावा. मिसी साफ नाही म्हणते, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. शेल्डनचा तर देवावर काडीचाही विश्वास नाही. तो आईकडे बघतो आणि तयार होतो.