जिल्हा रेंजमध्ये, तालुका बाहेर

फोनला रेंज येत नाही, काळजीचं काही आहे का? हा प्रश्न शहापूर-मुरबाड तालुक्यांत दोन प्रकारची माणसं विचारतात. पहिला शनिवारी गाडी काढून येतो. टोकावडे मागे पडलं, माळशेजची चढण लागली की स्क्रीनवरच्या दांड्या एकेक करून जातात. मग तो फोन बंद-चालू करतो, सिम काढून शर्टाला पुसतो. त्याला माझं उत्तर एका शब्दाचं: नाही. फोन ठणठणीत आहे, मध्ये सह्याद्री उभा आहे. रविवारी रात्री कल्याण गाठेपर्यंत सगळ्या दांड्या परत येतील.

दुसरा माणूस इथलाच. घरातून त्याचा फोन लागत नाही, पाड्यामागच्या टेकाडावर गेलं तर लागतो, आणि पावसाळ्यात लाइट गेली की तिथूनही लागत नाही. त्याने काळजी करावी. एकट्याने नको, गावाने मिळून करावी, आणि योग्य जागी करावी. कारण आजवर आपली बरीचशी काळजी भलत्याच गोष्टींवर खर्च झाली आहे.

दांड्यांचंच घ्या. किती दांड्या म्हणजे किती रेंज, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. २०१० साली आयफोन ४ हातात विशिष्ट पद्धतीने धरला की रेंज पडते अशी जगभर ओरड झाली, तेव्हा अ‍ॅपलने कबूल केलं की दांड्या दाखवण्याचं आपलं गणितच चुकीचं होतं आणि फोन नको तिथे दोन दांड्या जास्त दाखवत होता. तेव्हा दांड्यांवर विश्वास ठेवू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा, सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा मिळतो. तो उण्यात असतो. ४जीवर उणे ८०च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ११०च्या खाली गेला की बोलणं तुटणार, ओटीपी लटकणार. हा आकडा लिहून ठेवायची सवय लावा. पुढे कामाला येईल.

दुसरी भलती काळजी किरणांची. गावात टॉवर येणार म्हटलं की कर्करोगाची भीती आधी पोचते. भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाईल लहरींना ‘कदाचित धोकादायक’ गटात टाकलं होतं हे खरं. पण त्याच संघटनेने करवून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला आणि त्यात मोबाईलचा वापर व मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. भीती घालणारे एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. दरीपलीकडच्या माणसाला हाक मारताना जसा घसा ताणावा लागतो, तसा टॉवर लांब असला की फोनही जोर वाढवतो. गावातला टॉवर हटवला तर कानाला लावलेलं यंत्रच जास्त लहरी सोडू लागतं. बॅटरी दुपारीच संपते ती वेगळी. लहरींची चिंता असेल त्याने जवळचा टॉवर मागावा.

आणि बाजारात मिळणारा तो ‘बूस्टर’. घेऊ नका. परवान्याशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि एका घराच्या बूस्टरने शेजारच्या दहा घरांचं नेटवर्क बिघडतं.

आता खऱ्या काळजीकडे येऊ.

गेल्या काही वर्षांत सरकारने आपलं दार फोनच्या आत नेऊन बसवलं आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून: भाताच्या, नागलीच्या शेतात उभं राहून अ‍ॅपवर फोटो. रोजगार हमीची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा फोटोसह. रेशनचं धान्य ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटला तर. १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीचा घरी न्यायचा आहार चेहरा जुळला तर.

शहापूरच्या आत, डोळखांबच्याही पुढच्या पट्ट्यातल्या एखाद्या अंगणवाडीत हे कसं होतं ते पाहा. सेविका ओसरीच्या कडेला उभी, कारण खोलीत रेंज नाही. समोर बाळंतीण, कडेवर सहा महिन्यांचं मूल. सेविका फोन तिच्या तोंडासमोर धरते. “हलू नको गं, डोळे मिचकाव.” ती मिचकावते. स्क्रीनवर गोल फिरत राहतो. पुन्हा मिचकावते. मूल फोनकडे हात टाकतं, चेहरा चौकटीबाहेर जातो, सगळं पहिल्यापासून. आहाराची पाकिटं मागे भिंतीशी रचलेली आहेत. सेविका या बाईला माहेरच्या नावानिशी ओळखते, तिचं पोर तिनेच तोललं आहे. तरी फोनने ओळखल्याशिवाय पाकीट हातात द्यायचं नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट फोन सरकारला परत केले होते. त्या बायका काय सांगत होत्या ते तेव्हाच नीट ऐकलं असतं तर ही ओसरीवरची कवायत टळली असती.

लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी तर याहून कठीण गेलं. १८ सप्टेंबर २०२५ला ते सुरू झालं. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. आधारचा ओटीपी दहा मिनिटं चालतो. ज्या पाड्यावरून टेकाडावर जाऊन यायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, तिथे तो वाटेतच बाद होतो. त्यातून दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर पांगतात. नवऱ्याचा फोन भट्टीवर, बाई म्हाताऱ्यांपाशी पाड्यावर. त्याच्या फोनवर आलेला आकडा तिला दहा मिनिटांत कळायचा तर तिचा फोन लागायला हवा. तो लागत नाही. शेवटी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. मुदत वाढली म्हणून टेकाड जवळ येत नाही.

आणि १०८. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ मध्ये सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. तिच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ती फोन केल्यावर येते. पावसाळ्यात कळा सुरू झालेल्या बाईला डोलीत घालून चिखलातून रस्त्यापर्यंत आणणारी माणसं याच तालुक्यांत आहेत. त्यांच्यातला एक आधी रेंज शोधायला पळतो. ती मिनिटं कुठल्याच अहवालात येत नाहीत. एक उपयोगाची गोष्ट इथे सांगतो: स्क्रीनवर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असं दिसत असेल तर तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुणाची आहे. तेव्हा ११२ लावा, तो त्या दुसऱ्या टॉवरवरून जातो.

मग हे सगळं कुणाला दिसत कसं नाही? कारण मोजमाप जिल्ह्याचं होतं. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम आणले, १ ऑक्टोबरपासून ते लागू झाले. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी चांगल्या आहेत. कंपन्यांनी आपल्या रेंजचे नकाशे संकेतस्थळावर टाकायचे, दंडही वाढले. एप्रिल २०२५ पासून सेवा २४ तासांहून अधिक बंद राहिली तर प्रीपेड ग्राहकाला वैधता वाढवून मिळायची. पण बंद राहायला हवी जिल्हा पातळीवर. आमचा जिल्हा ठाणे. यात ठाणे शहर आहे, कल्याण-डोंबिवली आहे, नवी मुंबई आहे, मीरा-भाईंदर आहे. मोरोशीचा टॉवर आठवडाभर मुका राहिला तरी ठाणे जिल्हा बंद पडला असं कधीच होणार नाही. घोडबंदर रोडच्या रेंजमध्ये आमचा अंधार झाकून जातो. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, तेव्हापासून ठाण्यात ग्रामीण भाग आणखीच अल्पसंख्य झाला आहे.

टॉवर का बंद पडतात यात गूढ काही नाही. वीज जाते, बॅटरी काही तास पुरते, मग डिझेल भरायला कुणी येत नाही. टॉवरपर्यंत येणारी फायबर एकच असते, रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली की पंचक्रोशी गेली. कड्याच्या पायथ्याच्या गावांवर डोंगराची सावली पडते, तिथे कमी वारंवारितेच्या लांब पोचणाऱ्या लहरी लागतात, नाहीतर जवळ आणखी एक टॉवर. इलाज माहीत आहे. ग्राहक थोडे म्हणून तो होत नाही.

पैसा नाही हे मात्र कुणी सांगू नये. दूरसंचार कंपन्या आपल्या महसुलाचे ५ टक्के ज्या निधीत भरतात तो निधी मुळात दुर्गम गावांसाठी आहे. २००२ पासून तो आहे, आता त्याला डिजिटल भारत निधी म्हणतात. त्यात देहेण्याच्या आणि वैशाखऱ्याच्या रिचार्जचाही वाटा आहे. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा रेंज नसलेल्यांना सवलत मिळाली नाही. २७ जुलै २०२२ला केंद्राने २४,६८० गावांत ४जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले, काम बीएसएनएलकडे दिलं. २७ सप्टेंबर २०२५ला देशी ४जीचे ९७,५०० टॉवर राष्ट्राला अर्पण झाले. आपल्या अभियंत्यांनी हे तंत्र उभं केलं याचा अभिमान मलाही आहे. गावाने विचारायचं ते असं: आपण त्या यादीत आहोत का, असलो तर टॉवर उभा आहे का, उभा असेल तर गेल्या महिन्यात किती तास चालला.

घोषणा झाली म्हणजे सेवा चालली असं नव्हे, मुरबाडकरांना हा धडा जुना आहे. नोटबंदीनंतर तीन आठवड्यांत, १ डिसेंबर २०१६ला, धसई हे राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं. राज्याचे अर्थमंत्री आले, वडापाववाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत कार्डाची यंत्रं आली. पुढच्या वर्षांत वर्तमानपत्रांनी पुन्हा जाऊन पाहिलं तर व्यवहार बहुतेक रोखीवर परतले होते. धसईच्या दुकानदारांकडे तेव्हा एक पर्याय होता, खिशातली नोट. आज अंगणवाडीतल्या बाईकडे आणि रोजगार हमीच्या मजुराकडे तोही ठेवलेला नाही. माझी मागणी म्हणून पहिली हीच: जिथे रेंज नाही तिथे कागदावरची हजेरी, वहीतली सही आणि सेविकेची ओळख ग्राह्य धरा. उपकार म्हणून नव्हे, नियम म्हणून. दुसरी, टॉवरचं मोजमाप गावागणिक करा.

तोवर हातात आहे ते करा. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या, दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रार घेत नाही, तिथे वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचं दार मात्र उघडं आहे. मोबाईल कंपनीविरुद्धची तक्रार तिथे चालते हे सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ला स्पष्ट केलं आहे. आणि येत्या ग्रामसभेत ठराव घ्या. त्यात पाड्याचं नाव, तारीख, वेळ, कंपनी आणि सेटिंगमधला तो उण्यातला आकडा लिहा. ‘नेटवर्क नाही’ एवढंच लिहिलेला अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. अंगणवाडीचा आहार किती दिवस अडला, हजेरी किती जणांची बुडाली, हे सेविकेकडून आणि रोजगार सेवकाकडून लिहून घ्या. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.