लॉनकाका

न्यू जर्सीत एडिसन किंवा प्लेन्सबरोच्या बाजूला मार्च सरताना एखादा मराठी गृहस्थ घरापुढच्या हिरवळीवर उकिडवा बसून जमिनीत थर्मामीटर खुपसताना दिसला, तर त्याला हाक मारू नये. तो लॉनकाका. सध्या तो ताप बघतो आहे. थर्मामीटर मूळचा काकूंचा, पाकासाठी आणलेला. त्यावरचा हक्क त्यांनी केव्हाच सोडला. माती सलग चार-पाच दिवस ५५ अंश फॅरनहाइटच्या आसपास राहिली, म्हणजे आपल्याकडचे १३ सेल्सियस, की क्रॅबग्रास नावाच्या तणाचं बी उगवू लागतं. त्याच्या आत तणनाशकाची गोणी फोडलीच पाहिजे. कोपऱ्यावर याच वेळेची खूण असलेली फोर्सिथियाची पिवळी फुलं दिसली की काका रजाच टाकतात.

गोणीत एकाच दाण्यात दोन गोष्टी असतात: गवताला नत्र आणि तणाला मरण. हे उगवणपूर्व तणनाशक. बी ते मारत नाही. रुजलेल्या अंकुराच्या मुळांतलं पेशीविभाजन थांबवतं, म्हणजे पोर जन्मतं पण उपाशी मरतं. एकदा वर आलेल्या तणाकडे मात्र ते ढुंकूनही बघत नाही. शेजारचा नवखा तरुण मे महिन्यात डोलणाऱ्या डँडेलियनवर हे दाणे फेकतो, तेव्हा काका कुंपणाजवळ जाऊन तासभर बौद्धिक घेतात. पान मारणारं औषध वेगळं, ते ओल्या पानाला चिकटावं लागतं; आपलं कोरड्या गवतावर टाकायचं आणि मग अर्धा इंच पाणी द्यायचं. तरुण मान डोलावतो. मनात तो गवत काढून सरळ फरशी टाकायचा हिशेब करत असतो.

मुलं गंमत म्हणून स्प्रेडर ढकलायला मागतात. मिळत नाही. तो यंत्रगाडा ढकलणं हे काकांच्या लेखी सोवळ्यातलं काम आहे: निम्मा डोस उभा, निम्मा आडवा. एक पट्टा सुटला तर आठवड्याभरात गडद आणि फिक्या हिरव्याचे पट्टे उमटतात आणि सगळ्या गल्लीला काकांचा हात चुकल्याचं कळतं. वळताना गाडा थांबला आणि झाकण उघडं राहिलं, तर तिथे गवत जळून पिवळा डाग पडतो. पेंडिमेथालिनचे, म्हणजे याच तणनाशकाचे दाणे काँक्रीटवर ओले झाले तर हळदीसारखे डाग पाडतात, म्हणून काका गाड्यामागून झाडू घेऊन फिरतात. शिवाय राज्याचा २०११ चा खतांचा कायदाही फुटपाथवरचे दाणे झाडून गोळा करायला सांगतो. १५ नोव्हेंबर ते १ मार्च घरमालकाला खत टाकायला बंदी. माती तपासून स्फुरद कमी निघालं तरच स्फुरद, एरवी गोणीवरचा मधला आकडा शून्य. मूळ कारण बार्नेगट खाडीसारख्या पाण्यात साचणारं खत, पण काकांना कायदा आवडतो तो पाठ म्हणून दाखवता येतो म्हणून.

आता एक खाजगीतली गोष्ट. हे दोन-एकात-एक प्रकरण जरा अडचणीचंच आहे. तणनाशकाची वेळ एप्रिलची, आणि थंड हवेच्या गवताची खरी भूक शरदातली. वसंतात नत्र भरवलं की मुळांआधी पानं धावतात. मग काका मे महिन्यात आठवड्यातून दोनदा मोअर चालवतात आणि मंडळाच्या सभेला उशिरा येऊन म्हणतात, ‘काय वाढलंय हो यंदा!’ कौतुक आणि तक्रार यांतलं नेमकं काय, हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

बरं, मोकळ्या टकलावर नवं बी पेरावं म्हटलं तर तेही नाही. क्रॅबग्रासचं बी कोणतं आणि केंटकी ब्लूग्रासचं कोणतं, हे औषधाला कळत नाही. काही महिने टक्कल तसंच.

निफाडला काकांचे दादा कांदा करतात. लागवडीच्या वेळी तेही पेंडिमेथालिनच फवारतात. व्हिडिओ कॉलवर काकांनी एकदा गोणी कॅमेऱ्यासमोर धरली. दादांनी चष्मा पुसून बघितलं.

‘हे तर आपल्याच रानातलं औषध.’

‘हो, फक्त इथं दाण्यात येतं.’

‘मग तिकडं पीक कशाचं?’

‘गवताचं.’

‘आणि ते गुरांना?’

‘नाही, कापतो आणि टाकून देतो.’

दादा बराच वेळ बोललेच नाहीत. रेंज गेली असावी असं समजून काकांनी फोन हलवून बघितला. वडील आयुष्यभर पिकातलं गवत उपटत बसले होते, हे तेव्हा दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

भाद्रपद आला की मात्र काकांचं राज्य डळमळतं. ड्राइव्हवेच्या कडेनं सरपटणारी बर्म्युडा ग्रास, जिच्यावर त्यांनी कुदळीपासून उकळत्या पाण्यापर्यंत सगळं करून पाहिलं, ती म्हणजे आपली हरळी. तीच दूर्वा. धावत्या खोडांतून परतणाऱ्या या गवताला उगवणपूर्व औषध रोखू शकत नाही. एरवी शत्रू, गणपतीत एकवीस जुड्यांची मागणी. मंडळाच्या ग्रुपवर निरोप फिरतात, ‘कुणाकडे दूर्वा आहेत का?’ काका उत्तर देत नाहीत. थोड्या वेळानं ते गॅरेजमागच्या कुंडीतून नीट वाढवलेल्या दूर्वा खुडून पिशवीत घालतात. या कुंडीला गोणीतला दाणा कधी लागत नाही. तिला शेणखत, तेही दुकानातून डॉलर मोजून आणलेलं. दादांना हे अजून सांगितलेलं नाही.