वेताळाचा भाव

वेताळाला हल्ली हातमोजे घालून उचलतात. डेंकालीच्या जंगलात चाच्यांशी आणि चोरट्या शिकाऱ्यांशी पिढ्यानपिढ्या झुंजलेला हा कॉमिक्समधला गडी. पण इन्स्टाग्रामवरचा एक तरुण त्याचा अंक दोन बोटांच्या चिमटीत असा धरतो, जशी नव्या सुनेने सासूबाईंची पैठणी उलगडावी. मागे गूढ संगीत वाजत असतं. कॅमेरा मुखपृष्ठाच्या कोपऱ्यापाशी रेंगाळतो. तिथे घडी नाही, कुरतड नाही, वाळवीचं नखही लागलेलं नाही. मग तो तरुण आवाज खाली आणतो. ‘मराठी इंद्रजाल आहे, मित्रांनो. घरात असेल तर विकू नका. नसेल तर आजच शोधायला लागा.’ एवढ्यात रील संपते. वेताळाने त्या अंकात कोणाला वाचवलं, डायना कुठे अडकली होती, याचा एका अक्षराने उल्लेख नाही. गोष्ट हा त्या अंकातला बिनमहत्त्वाचा भाग असावा.

माझा भाचा घोडबंदर रोडवर एका उंच इमारतीत राहतो आणि या तरुणाचं सगळं ऐकतो. त्याच्या कपाटात हँगरना जागा उरलेली नाही, कारण तिथे पारदर्शक पिशव्यांमध्ये अमेरिकन कॉमिक्स उभी आहेत. प्रत्येकाच्या पाठीला पुठ्ठा, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या. जुलैतल्या ठाण्याच्या हवेत पापड मऊ पडतात, तिथे हा स्पायडरमॅन कोरडा ठेवायला बघतो. ‘मावशी, हात नको लावूस, हाताला घाम असतो,’ असं तो अतिशय प्रेमाने म्हणाला. ‘वाचलंस का यातलं काही?’ असं मी विचारलं, तर त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पिशवी फोडली की भाव उतरतो.

मग त्याने धंद्याचं गणित सांगितलं. एखाद्या पात्रावर सिनेमा येणार अशी कुजबुज उठते. रीलवाला सांगतो, की हे पात्र पहिल्यांदा अमुक अंकात दिसलं. संध्याकाळपर्यंत त्या अंकामागे माणसं धावू लागतात आणि भाव चढतो. सांगणाऱ्याने तो अंक आधीच भरून ठेवला होता का, हे रीलमध्ये येत नाही. तीस सेकंदांत काय काय सांगणार? शेअर बाजारात असे सल्ले वाटत फिरणाऱ्यांवर सेबीने २०२४ मध्ये लगाम कसायला घेतला, पण सेबीच्या कक्षेत वेताळ अजून आलेला नाही. अमेरिकेत तर सन २००० पासून सीजीसी नावाची कंपनी कॉमिक्सला दहापैकी गुण देते आणि ते कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करून परत पाठवते. बाहेरून मुखपृष्ठ दिसतं. आत काय आहे, हे आता श्रद्धेवर. १९३८ साली दहा सेंटला मिळणारा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, सुपरमॅनचं पहिलं दर्शन, २०२४ मध्ये साठ लाख डॉलरना गेला, हे सांगताना भाच्याच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते दहावीच्या निकालाला नव्हतं.

त्याच सुपरमॅनची दुसरी गोष्ट मात्र त्याला ठाऊक नव्हती. १९९२च्या नोव्हेंबरात त्याच्या मालिकेच्या ७५व्या अंकात सुपरमॅन मेला. अंक काळ्या पिशवीत बंद करून आला, आत दंडाला बांधायची काळी पट्टी. अमेरिकेत रांगा लागल्या. लोकांनी एक प्रत वाचायला आणि चार प्रती मुलांच्या शिक्षणासाठी अशा हिशोबाने घेतल्या. त्याच्या आदल्या वर्षी ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ऐंशी लाखांवर प्रती खपल्या होत्या, त्याही अशाच पिशव्यांत जाऊन बसल्या. सगळ्यांनीच जपल्या, म्हणून कोणाचीच दुर्मीळ झाली नाही. सुपरमॅन पुढच्याच वर्षी जिवंत होऊन परत आला. पैसे तेवढे आले नाहीत. १९३८चा अंक महाग का, तर त्या वेळच्या पोरांनी तो चघळून चघळून वाचला आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गावोगाव रद्दी गोळा झाली त्यात तो गेला. म्हणजे तिथेही शेवटी रद्दीच.

आमच्या डोंबिवलीत ही दोन्ही कामं आम्ही युद्धाशिवाय केली. ‘इंद्रजाल’चा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला, वेताळाचाच, आणि साठ पैसे किमतीचा. पुढे मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, आणि १९७६पासून आबिद सुरतींचा बहादूर. साठ पैसेही खिशात नसणाऱ्यांसाठी गल्लीत जिन्याखालचं एक दुकान होतं. मे महिन्यात तिथे सुतळीवर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अंक टांगलेले असत. घरी न्यायचा दर वेगळा, तिथल्या तिथे पायरीवर बसून वाचायचा दर त्याहून कमी, आणि पायरीवर बसलेल्याच्या खांद्यावरून वाचायचं ते फुकट. दुकानदार नवा अंक आला की पिना उपटून दाभणाने जाड दोरा ओवायचा, त्यामुळे प्रत्येक पानाचा आतला बोटभर मजकूर शिवणीत जाई आणि मॅन्ड्रेकचे अर्धे मंत्र आम्हाला अंदाजाने म्हणावे लागत. कोपऱ्यांवर तेलाचे डाग असत, चिकटपट्टी पिकून चहाच्या रंगाची झालेली असे, आणि पहिल्या पानावर बॉलपेनने कोण्या अनोळखी मुलाने स्वतःचं नाव, इयत्ता आणि तुकडी लिहिलेली असे. तो अंक त्याचा नव्हता, तरी.

आणि दिवाळीच्या साफसफाईत आमच्या आया येत. माळ्यावरून चांदोबा, किशोर, इंद्रजाल, सगळं एकाच गठ्ठ्यात बांधून रद्दीवाल्याच्या तागडीत. त्या पैशांतून उटणं यायचं किंवा फार तर एक चाळणी. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या हजारो माउल्यांनी, एकमेकींशी अक्षरही न बोलता, वर्षानुवर्षं इतक्या शिस्तीने हे केलं, की १९९०मध्ये इंद्रजाल बंद पडलं तेव्हा मराठी अंक जवळजवळ सगळे निघून गेलेले होते. आज रीलवाला ज्या दुर्मिळपणाचे गोडवे गातो, तो या बायकांनी पदर खोचून तयार केलेला आहे. त्यांना दलाली द्यायचं कोणाच्या डोक्यात येत नाही.

तसा हा सट्ट्याचा वेडेपणा या रेल्वेलाइनीला नवा नाही. आगगाडी ठाण्याला १८५३ मध्ये आली, कल्याणला पुढच्या वर्षी. १८६४ साली अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचा पैसा मुंबईत नुसता वाहत होता, आणि समुद्र हटवून जी जमीन अजून निघायची होती तिच्या शेअरवर लोक घरदार लावत होते. पुढच्या वर्षी यादवी संपली आणि सगळं कोसळलं. नेमकं त्याच १८६४ मध्ये कल्याणात काही मंडळींनी सार्वजनिक वाचनालय काढलं. ते अजून चालू आहे. मुंबईच्या सट्ट्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर बसून त्यांना पुस्तकं गोळा करावीशी वाटली, तीही दुसऱ्याने न्यावीत म्हणून, याचं मला राहून राहून नवल वाटतं. डोंबिवलीतही पै फ्रेंड्स लायब्ररी २०१७पासून पुस्तक आदान-प्रदान सोहळा भरवत आली आहे: आपलं वाचून झालेलं द्या, दुसऱ्याचं वाचून झालेलं न्या. तिथे पुस्तकाचा भाव एक पुस्तक.

आमच्या रद्दीवाल्या काकांपर्यंत मात्र रील पोचली आहे. परवा मी वर्तमानपत्रं घेऊन गेले, तर त्यांनी तागडीआडून एक मराठी इंद्रजाल काढलं. वेताळ घोड्यावर, मागे पेटलेलं गाव, पाठीला तोच जाड दोरा. ‘यात शेवटचं पान नाही, ताई,’ ते म्हणाले. ‘कल्याणचा एक पोरगा येऊन बघून गेला. म्हणतो पान नाही तर निम्मेच देतो. गोष्ट वाचायचीय कुठे त्याला, पण पान मोजतो.’ मी चाळलं. पायरीवर बसून वाचलेली गोष्ट होती. मी त्यांना शेवट सांगितला: सेनापती कसा पळतो, वेताळाचा लांडगा त्याला कुठे गाठतो, आणि जबड्यावर ती कवटीची खूण कशी उमटते. काका तागडीची दांडी धरून ऐकत राहिले. मागे एक बाई बाटल्यांची पिशवी घेऊन खोळंबल्या होत्या, त्यांनीही घाई केली नाही, ‘आणि घोडा?’ एवढंच विचारलं. घोडाही सुखरूप असल्याचं मी सांगितलं.

‘तुमचा नंबर देऊन ठेवा,’ काका अंक परत आत ठेवत म्हणाले. ‘पोरगा आला की फोन लावतो. शेवट तुम्ही सांगा, मी पूर्ण अंकाचे पैसे घेतो.’