कुठं चाललाव?

परभणीत फिरायला जाण्यावर सरकारची बंदी नाही. तशी गरजच पडलेली नाही. ते खातं गल्लीनं पहिल्यापासून स्वतःकडं ठेवलं आहे. हातात पिशवी दिसली की ओट्यावरून, पानटपरीवरून आणि गच्चीत वाळणाऱ्या साड्यांच्या आडून एकच प्रश्न येतो, ‘कुठं चाललाव?’ गावाचं नाव सांगून सुटका होत नाही. ‘नांदेडला’ म्हटलं की दुसरा प्रश्न तयार असतो, ‘कशाला?’

‘सहज, फिरायला’ हे उत्तर आमच्या घरात एकदाच दिलं गेलं. मोठ्या काकांनी दिलं. संध्याकाळपर्यंत दोन शेजारी घरात काही वाजलं का, याची चौकशी करून गेले, तिसऱ्यानं वावर विकलं का विचारलं आणि चौथ्यानं पाच हजार हातउसने मागितले. तेव्हापासून आमचं घर कारणाशिवाय उंबरठा ओलांडत नाही. आमच्याकडं सहली निघत नाहीत, निमित्तं निघतात.

निमित्तांत पहिला मान दवाखान्याचा. मध्यंतरी आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं. बातमी सकाळी आली, दुपारी जीप ठरली. बघायला जायला पाहिजे यावर घरात दुमत नव्हतं. दुमत होतं ते खिडकीजवळ कोण बसणार यावर. पेशंटजवळ एका वेळी एकालाच सोडायचा नियम असल्यानं सगळ्यांचीच सोय झाली. एकेकानं आत जायचं, ‘आता बरं वाटायलंय का?’ एवढं विचारायचं आणि बाहेर यायचं. आत्या दहा मिनिटांत बघून झाली. मग आईनं ते वाक्य उच्चारलं, ज्यावर आमच्या घराचं सगळं पर्यटन उभं आहे. ‘आलोच आहोत तर...’

आलोच आहोत तर गुरुद्वारा. गुरुद्वारा झाला तर लंगर. लंगरमुळं जेवणाचे पैसे वाचलेच आहेत तर साड्या. निघताना तोंड दाखवायला म्हणून पुन्हा दवाखान्यात गेलो, तेव्हा आत्यानं उशीवरून मान उचलली आणि गुडघ्याचं अवाक्षर न काढता विचारलं, ‘कितीला पडली?’ मग सलाईन नसलेल्या हातानं तिनं प्रत्येक साडीचा पदर चिमटीत धरून पाहिला. डॉक्टर म्हणाले, पेशंटची तब्येत झपाट्यानं सुधारते आहे.

दुसरं निमित्त परीक्षेचं. धाकट्याचं केंद्र छत्रपती संभाजीनगरला आलं. परीक्षार्थी एक आणि त्याला धीर द्यायला चौघं. पोरगं आत पेपर सोडवत असताना वडीलधारी मंडळी बाहेर लिंबाखाली बसून आपला पेपर सोडवत होती : सुटल्यावर आधी वेरूळ की आधी घृष्णेश्वर, आणि परतीत दौलताबादचा किल्ला बसतो का. पोरगं रडवेलं होऊन बाहेर आलं. ‘लई अवघड गेला,’ म्हणालं. आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. ‘जाऊ दे. पुढच्या बारीला नाशिक केंद्र टाक. त्र्यंबकेश्वर राहिलंय.’

तिसरं निमित्त देवाचं. या बाबतीत परभणीकर नशीबवान. एका अंगाला परळीचा वैजनाथ, दुसऱ्या अंगाला औंढ्याचा नागनाथ. औंढा तर पूर्वी आमच्याच जिल्ह्यात. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि आमच्या आजोळासकट अर्धे पाहुणे एका रात्रीत परजिल्ह्यात गेले. कुणी जागचं हललं नाही, तरी सगळ्यांचा प्रवास वाढला. आधी लोक औंढ्याला ‘जाऊन येतो’ म्हणायचे. दुसऱ्या दिवसापासून ‘जिल्ह्याबाहेर दौरा आहे’ म्हणायला लागले. फुकटात एवढं पर्यटन वाढवणारा निर्णय सरकारनं त्यानंतर घेतलेला नाही.

देवाचा नियम असा की, तो जितका लांब तितका कडक. साईबाबांचं जन्मस्थान पाथरी की नाही, यावरून २०२० च्या जानेवारीत केवढी रणधुमाळी झाली! मुख्यमंत्र्यांनी पाथरीसाठी शंभर कोटींची घोषणा केली आणि शिर्डीनं बंद पुकारला. आमच्या घरात आठवडाभर चहा थंड होत होता. आबा पाथरीच्या बाजूनं इतके तावातावानं भांडले की, गल्लीतला एक मित्र कायमचा तुटला. वाद शमल्यावर आबांनी घरच्या सगळ्यांची तिकिटं काढली. शिर्डीची. पाथरीचं काय, विचारल्यावर म्हणाले, ‘ते काय, इथंच तर आहे. कधीबी जाता येतं.’ जिथं कधीही जाता येतं तिथं परभणीकर कधीच जात नाही.

स्टेशनावर मात्र जातो. आमच्या घराचं सगळ्यात आवडतं पर्यटनस्थळ परभणी जंक्शन. निजामाच्या राजवटीत इथं मीटरगेज आली, नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाली, आणि दोन्ही रुळांवर आमच्या घराण्यानं सारख्याच निष्ठेनं माणसं पोचवली. जाणारा एक, सोडायला सात. जाणारा पुण्याला नोकरीला. त्याच्या सामानात कपड्यांची एक बॅग आणि आईच्या पिशव्या अनेक. तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, येसर, शेंगदाण्याची चटणी, वाटेत खायला धपाटे, धपाट्यांसोबत दह्याचा डबा आणि डबा सांडलाच तर पुसायला जुन्या धोतराचा तुकडा. पोरगं दर वेळी म्हणतं, ‘अगं, पुण्यात सगळं मिळतं.’ आई दर वेळी म्हणते, ‘मिळत असंल. चव मिळती का?’ आणि पिशवीला आणखी एक गाठ मारते.

गाडी हलल्यावर सोडायला आलेले भेळ खाऊन घरी येतात आणि खरा प्रवास आजीच्या खाटेवर सुरू होतो. ‘मानवत रोड गेलं असंल.’ थोड्या वेळानं, ‘सेलू आलं.’ मग परतूर, मग जालना. आजीला वाचता येत नाही, पण मनमाडपर्यंतची स्टेशनं तोंडपाठ. मोबाइलवरचं ॲप गाडी परतूरला दाखवत असताना आजी म्हणाली, ‘परतूर सुटलं’, आणि नातवाला फोन लावला तर परतूर खरोखरच सुटलं होतं. जालन्यानंतर ‘औरंगाबाद’ येतं. नामांतराचा शासननिर्णय खाटेपर्यंत पोचलेला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई-जालना वंदे भारत नांदेडपर्यंत वाढवली आणि तीही परभणीला थांबायला लागली. जाणाऱ्यांची सोय झाली, सोडायला येणाऱ्यांची पंचाईत. खिडकी उघडत नाही, त्यामुळं शेवटची पिशवी आणि शेवटची सूचना आत देता येत नाही. दारं आपोआप लागतात, आणि ती पाहुण्यांचा निरोप संपायची वाट पाहत नाहीत. आमचे मामा पिशवी वर ठेवून द्यायला आत चढले ते जालन्यात उतरले. घाबरून फोन केला तर म्हणाले, ‘आलोच आहे तर ताईकडं मुक्काम करतो.’

लग्नाच्या निमित्तानं तर आमच्या घरानं समुद्रसुद्धा गाठला. पाहुण्यांतलं लग्न कोल्हापूरला होतं. अक्षता पडल्या, पंगत उठली, आलोच आहोत तर महालक्ष्मी झाली, जोतिबा झाला आणि तिथून गाडी जी घसरली ती थेट गणपतीपुळ्याला. आजी पहिल्यांदाच समुद्र पाहत होती. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. आजीनं बराच वेळ क्षितिजापर्यंत नजर टाकली, ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकली. ‘एवढं पाणी, आन् पिकाला एक थेंब कामाचा न्हाई.’ कोकणाचा विषय आमच्या घरात तिथंच संपला.

परदेशाचं निमित्त एकच, बाळंतपण. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही जन्मल्यापासून ऐकत आलो, पण या म्हणीतली दोन्ही गावं पाहिलेली आमच्या घरात फक्त काकू. लेक-जावई तिकडं नोकरीला. व्हिसाच्या फॉर्मवर प्रवासाचा हेतू विचारलेला पाहून काकूंना धक्काच बसला. आमच्या गल्लीचा प्रश्न जर्मनीच्या वकिलातीपर्यंत पोचला होता! पर्यायांत ‘पर्यटन’ होतं. काकूंनी त्या चौकोनावर बोटसुद्धा टेकवू दिलं नाही. ‘लोक काय म्हणतील? कुटुंबाची भेट लिहा.’

डिंकाचे लाडू, अळीव, ओवा, बाळंतशोपा असा ऐवज घेऊन काकू उतरल्या. शेक-शेगडीचा विषय काढल्याबरोबर जावयानं हात जोडले, कारण तिकडं घरोघरी छताला धूर ओळखणारं यंत्र असतं आणि ते परभणीच्या गल्लीपेक्षा लवकर ओरडतं. मधल्या काळात ‘आलेच आहे तर’ म्हणून काकूंनी ऱ्हाईन नदी पाहिली, कोलोनचं चर्च पाहिलं, बर्फात फोटो काढला. परत आल्यावर गल्ली गोळा झाली. काकूंनी चेहरा पाडून सांगितलं, ‘काय सांगू बाई, नुसती दगदग. पोरीसाठी जावं लागलं.’ फोटो लोखंडी कपाटात आहेत. किल्ली काकूंच्या कमरेला आहे.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, पण गल्ली उगीच एवढी हुशार झालेली नाही. हा कापूस-सोयाबीनचा जिल्हा. परतीच्या पावसानं सोयाबीन काळं पडलं, तर वर्ष काळं पडतं. मानवतच्या बाजारात कापूस उतरून पट्टी हातात पडेपर्यंत पैसा आपला नसतो. पडल्यावर तो सोसायटीचा, कृषी सेवा केंद्रवाल्याचा आणि किराणा दुकानदाराचा असतो. अशा गावात जो माणूस ‘मौज करायला चाललो’ म्हणेल, त्याच्या दारात उधारीची वही त्याच्या आधी पोचेल. दवाखान्याच्या पिशवीतून आलेली साडी कुणाच्या डोळ्यात खुपत नाही. घरातल्या बायकांना तर निमित्ताशिवाय दारच नव्हतं. आजीनं गोदावरी पाहिली ती गंगाखेडच्या घाटावर, आणि बहुतेक वेळा कुणाच्या तरी अस्थींसोबत. विधी उरकल्यावर ती पायरीवर पाण्यात पाय सोडून घटकाभर बसायची. माहेरपणाखालोखाल तिची तेवढीच चैन.

अडचण एवढीच की, या हिशेबात खुद्द परभणी जिल्ह्याच्या वाट्याला काही येत नाही. चारठाण्याला कोरीव कामाची जुनी मंदिरं आहेत, उंच कोरीव स्तंभ आहे. वालूरला गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे. गावकऱ्यांनीच ती उपसून साफ केली. धारासूरला गोदावरीच्या काठी गुप्तेश्वर आहे. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन लेणी आहेत आणि इवल्याशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती आहे. हे सगळं पाहायला बाहेरून अभ्यासक येतात, मोजपट्ट्या लावतात, धन्य होऊन जातात. आमच्या घरातून कुणी गेलेलं नाही. चारठाण्यात आमची सोयरीक नाही, धारासूरला हाडाचा डॉक्टर नाही, नेमगिरीला परीक्षा केंद्र नाही. जायचं कुठल्या तोंडानं?

त्याला अपवाद येलदरी. पूर्णेवरचं हे धरण भरलं आणि दरवाजे उघडले की ती बातमी होते, आणि बातमी हे निमित्त होतं. ‘पाणी किती आलं बघून येऊ’ हे कर्तव्य आहे, मौज नव्हे. मग जिल्ह्यातली निम्मी कुटुंबं पोराबाळांसह, भज्यांसह, जलसंपदा खात्याच्या गांभीर्यानं धरणावर उभी राहतात.

म्हणून पर्यटन विभागाला आमची नम्र सूचना आहे. दिशादर्शक फलक, उद्यान, कारंजं, सेल्फी पॉइंट यांवर पैसा घालू नये. चारठाण्याला एक मंगल कार्यालय काढावं, धारासूरला गुडघेदुखीचा तज्ज्ञ बसवावा, वालूरला पासपोर्टचं कार्यालय द्यावं आणि नेमगिरीच्या पायथ्याशी स्पर्धा परीक्षेचं केंद्र टाकावं. बाकीचं ‘आलोच आहोत तर’ बघून घेईल.

सरकारला वेळ लागतो हे आम्हालाही कळतं, म्हणून घरानं तोवर आपला मार्ग काढला आहे. जिंतूरकडं एक चांगलं स्थळ आहे, असं कुणीतरी कुणालातरी म्हणाल्याचं आईच्या कानावर आलं. येत्या रविवारी मुलगी बघायला जायचं ठरलं आहे. वाटेत नेमगिरी, पुढं चारठाणा, परतताना येलदरी. जीपला आगाऊ पैसे दिलेत, धपाट्यांचं पीठ दळून आणलं आहे, गल्लीला कारण सांगून झालं आहे आणि गल्लीनं ते मान्य केलं आहे. मुलीकडच्यांना अजून कळवलेलं नाही. मुलगा पुण्यात असतो. त्यालाही कळवलेलं नाही.