चौथा दरवाजा

सेंट्रल लॉक बिघडलेली गाडी कोकणातल्या दिघीच्या जेटीवर नुसत्या आवाजावरून ओळखता येते. धडधाकट गाडी चारी दरवाजे एका 'खट्'मध्ये लावून मोकळी होते. बिघडलेली आधी 'खट्' म्हणते, जरा विचार करते, मग कुठून तरी 'खर्र' येतं. मालक मुकाट्याने मागे जातो आणि न लागलेल्या दरवाजाचा खटका हाताने दाबतो. दाबताना आपल्याला कुणी पाहिलं नाही ना, हेही तो बघून घेतो. पाहिलेलं असतंच. गाड्यांसकट आगरदांड्याला नेणारी फेरीबोट, म्हणजे जंगलजेटी, येईपर्यंत रांगेतल्या माणसांना दुसरा उद्योग काय?

मग सल्ले सुरू होतात. "रिमोटचा सेल गेला असेल." "बॅटरी उतरली असेल, काका." आणि शेवटी, छातीठोकपणे, "मोटर गेली!" सेल गेला असता तर बाकीच्या तीन दरवाजांनी तरी कशाला ऐकलं असतं, हे विचारण्यात अर्थ नसतो. फुकटच्या सल्ल्याची उलटतपासणी करू नये.

समोर खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला दिसत असतो. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी 1682 मध्ये समुद्र भरून वाट करायला घेतली, तरी त्याचा दरवाजा शत्रूला उघडला नाही. तिथल्या सिद्दींचं राज्य 1948 पर्यंत टिकलं. कुलूपबंद राहण्याचा इतका मोठा आदर्श डोळ्यांपुढे असताना आपल्या गाडीचा एक दरवाजा लागू नये, याचं मला नेहमी हसू येतं.

खरं तर यंत्रणा साधी आहे. प्रत्येक दरवाजात एक लहानशी मोटर. वीज एका दिशेने गेली की कुलूप लागतं, उलट दिशेने गेली की उघडतं. बाजारातून बसवून घेतलेल्या सेंट्रल लॉकमध्ये साधारणपणे ड्रायव्हरच्या दरवाजातल्या मोटरला पाच वायरी असतात, बाकीच्यांना दोनच. जादा वायरी 'साहेबांनी कुलूप लावलं' ही बातमी कंट्रोलच्या पेटीला कळवतात, आणि मग बाकीचे दरवाजे माना डोलावतात. त्यामुळे चारी दरवाजे एकदम मुके झाले तर आधी फ्यूज बघावा. लागल्या लागल्या पुन्हा उघडत असतील तर संशय साहेबांवरच घ्यावा. आणि मागचा दरवाजा फक्त आतून उघडत नसेल तर काहीही खोलायच्या आधी चाइल्ड लॉकचा खटका बघावा. तो नातवंडांनी खेळता खेळता सरकवलेला असतो.

एकच दरवाजा रुसला असेल तर मात्र कान लावायचा. आत मोटर गुरगुरते पण खटका हलत नाही, म्हणजे तिचे प्लॅस्टिकचे दाते झिजलेत किंवा तिला कुलपाशी जोडणारी सळई निसटली आहे. खटका अडखळत, कुरकुरत हलतो, म्हणजे कुलपातलं ग्रीस सुकलंय. किनाऱ्यावर हे फार. खारा वारा धातूचं काही शिल्लक ठेवत नाही. आणि आत अजिबात चाहूल नसेल, तर वीजच पोचत नाही.

इथे 'मोटर गेली'वाले हरतात. दरवाजा आणि बॉडी यांच्यामध्ये, बिजागरीपाशी, एक काळी रबरी नळी असते. दरवाजाच्या साऱ्या वायरी तिच्यातून जातात. दरवाजा दर वेळी उघडला की त्या वाकतात, लावला की पुन्हा वाकतात. वर्षानुवर्षं हे चाललं की आतली तांब्याची तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत राहतं. दरवाजा अर्धा उघडा ठेवला की कुलूप चालतं, पूर्ण लावला की गप्प, अशी लहर दिसली तर नळीच पकडावी. एकाने बटण दाबावं, दुसऱ्याने नळी हलवून बघावी. तरी शंका उरली तर मोटरच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावावा. बटण दाबल्यावर तो क्षणभर लुकलुकला तर मोटर खराब, नाही तर वायर तुटलेली. तरी आधी मोटरच बदलली जाते, कारण ती दुकानात मिळते आणि तिचं बिल करता येतं. तुटकी तार शोधायला लागणारा वेळ बिलात लिहायला कुणाला सुचत नाही.

दुरुस्ती करताना तुटका भाग कापून थोडी लांब वायर डाखावी, आणि जोड वाकणाच्या जागी येऊ देऊ नये. नाही तर तोच खेळ पुन्हा. दरवाजाच्या आतल्या बाजूचं डोअर पॅड काढताना दोनचार क्लिपा तुटतातच, तयारी ठेवावी. पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद मात्र कुणाला फेकू देऊ नका. काच आणि रबर यांच्या फटीतून दरवाजात उतरणारं पावसाचं पाणी तो अडवतो आणि खालच्या भोकांतून बाहेर जाऊ देतो. कागद नसला की कोकणातला जुलै थेट तुमच्या मांडीवर येतो. दिवेआगरच्या किनाऱ्यावरच्या वाळूने ती भोकं बुजली असतील तर काडीने मोकळी करा, आणि समुद्रावरून आल्यावर दरवाजांच्या कडांवर गोडं पाणी मारा.

शेवटचं सांगणं मागच्या दरवाजाचं नाही, पुढच्याचं आहे. रिमोटच्या सवयीने ड्रायव्हरच्या दरवाजात कित्येक वर्षं चावी फिरलेलीच नसते, आणि बॅटरी उतरलेल्या दिवशी तेच एक भोक कामाला येतं. तेव्हा जंगलजेटीच्या रांगेत उभे असताना, सल्लागार जमायच्या आत, एकदा ती फिरवून बघा.