साहेब तसे नाहीत

कार्यालयात भेदभावाची लेखी तक्रार दाखल झाली की दुपारच्या चहापर्यंत जो कागद टेबलाटेबलावरून फिरू लागतो, त्यास सह्यांचे निवेदन म्हणतात. तक्रार बंद लिफाफ्यात असते, निवेदन उघडे फिरते. तक्रारीत काय आहे हे दोघातिघांनाच ठाऊक असते. निवेदनावर संध्याकाळपर्यंत चाळीस सह्या होतात. मजकूर तीन वाक्यांचा. आम्ही साहेबांना कित्येक वर्षे ओळखतो. साहेब तसे नाहीत. खेळीमेळीचे वातावरण बिघडवण्याच्या या प्रयत्नाचा आम्ही निषेध करतो. साहेबांवर नेमका आरोप काय, याचा उल्लेख नसतो. तो कोणाला माहीत नसल्यामुळे भाषा ठाम राहते.

नमुन्यादाखल प्रसूती रजेवरून परतलेल्या बाईंचे प्रकरण घेता येईल. रजेवर जाताना त्यांच्याकडे खरेदी विभागाचे काम होते. रजा चालू असतानाच ते एका कनिष्ठाच्या हाती गेले आणि बाई परतल्या तेव्हा त्यांच्यासाठी जावक रजिस्टर शिल्लक होते. वर्षअखेरीस अप्रेझलमध्ये ‘जबाबदारी घेण्याची तयारी कमी’ असा शेरा आला आणि वेतनवाढ हुकली. कायद्यानुसार या रजेच्या काळात बाईला कामावरून काढता येत नाही आणि सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलताही येत नाहीत. पहिल्या दोन अपत्यांसाठी ही रजा 2017 च्या कायदादुरुस्तीने 12 ऐवजी 26 आठवड्यांची झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय आणि बाळाला भेटण्यासाठी दिवसातून चार फेऱ्यांची मुभाही त्याच दुरुस्तीने दिली. प्रस्तुत कार्यालयात पाळणाघराची खोली आहे. तीत जुनी व्हाउचरे ठेवतात. तेव्हा प्रकरणात विचार करण्याजोगे बरेच काही असते. परंतु डबा खाताना चर्चा एकाच प्रश्नावर होते: बाई कोणाच्या गटातल्या?

सही करणारांचे चार वर्ग पडतात. पहिला उपकृतांचा. यांच्या मुलाच्या अॅडमिशनसाठी साहेबांनी कधीतरी फोन केलेला असतो. दुसरा साहेबांच्या गाडीतून स्टेशनपर्यंत जाणारांचा; यांची निष्ठा पावसाळ्यात वाढते. तिसरा गाववाल्यांचा. यात तालुका एक असला तरी पुरते, आडनावावरून अंदाज लागत असेल तर तालुक्याचीही गरज नसते. चौथा वर्ग महिला सहकाऱ्यांचा असून त्यातील एक सही पुरुषांच्या पाच सह्यांबरोबर धरतात, कारण ‘बघा, बायकासुद्धा म्हणतात’ असे पुढे सांगता येते. या वर्गातील ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की मुले आम्हालाही झाली, आम्ही बारा आठवड्यांत हजर झालो आणि कधी तक्रार केली नाही. आपल्याला सोसावे लागले ते दुसरीनेही सोसावे, हे तत्त्व सासरी शिकतात आणि कार्यालयात वापरतात.

सहीची क्रिया बारकाईने पाहण्यासारखी आहे. याच कार्यालयात कर्मचाऱ्यांची पतसंस्था असते आणि तिच्या कर्जाला दोन जामीनदार लागतात. कर्जदार थकला तर वसुली जामीनदाराच्या पगारातून होते. म्हणून कर्जमागणीचा अर्ज समोर आला की हाच कर्मचारी चष्मा पुसतो. रक्कम किती, हप्ता किती, आधीचे कर्ज फिटले का, दुसरा जामीनदार कोण, कर्ज नेमके कशासाठी, हे सारे विचारतो. मागची बाजू वाचतो. बारीक टाइपातले नियम खिडकीशी नेऊन वाचतो. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून अर्ज दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि पंचवीस वर्षे शेजारच्या टेबलावर बसलेल्या मित्राला तिसऱ्या दिवशी नकार देतो, कारण माणसाचे काही सांगता येत नाही. निवेदन येते तेव्हा तोच गृहस्थ एका हातात चहाचा कप धरून, कागद पुढच्याच्या पाठीवर टेकवून सही ठोकतो. पन्नास हजारांसाठी मित्राची खात्री देववत नाही, साहेबांच्या चारित्र्याची खात्री मात्र अर्ध्या मिनिटात दिली जाते. बेफिकिरीचे कारण उघड आहे. या जामिनाची वसुली सही करणाराच्या पगारातून व्हायची नसते. ती बाईंच्या पगारातून आधीच झालेली असते, हुकलेल्या वेतनवाढीच्या रूपाने, आणि पुढच्या प्रत्येक वाढीचा हिशेब त्याच कमी आकड्यावर मांडला जात असल्याने निवृत्तीपर्यंत चालू राहते. चाळीस जण जामीन राहतात आणि हप्ते एकटी बाई फेडते. वर त्या हप्त्यांना खेळीमेळीचे वातावरण म्हणतात.

निवेदनाचा सैद्धांतिक आधार ‘माझ्याशी ते कधी तसे वागले नाहीत’ या वाक्यात आहे. भेदभाव म्हणजे दोघांशी दोन तऱ्हांनी वागणे. ज्याच्याशी बरे वागले गेले त्याने साहेब बरे वागतात असे सांगितले, तर आरोप खोटा ठरत नाही. निम्मा सिद्ध होतो. खरेदी विभाग ज्याला मिळाला त्या कनिष्ठाने साहेबांच्या न्यायबुद्धीची ग्वाही द्यावी आणि चौकशी समितीने ती लिहून घ्यावी, हा प्रकार सर्वत्र रूढ आहे. यात कोणाला लाज वाटत नाही. बाईंच्या टेबलाशी जाऊन ‘काय झाले?’ एवढे दोन शब्द विचारायला चाळीसपैकी एकालाही सवड होत नाही, आणि साहेब कोणावर आवाज चढवत नाहीत, दिवाळीला मिठाई वाटतात, ही कौतुके मात्र सर्वांना तोंडपाठ असतात. मिठाई वाटणारा माणूस शेरा मारू शकत नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? शेरा पेनने मारतात. त्याला आवाज चढवावा लागत नाही.

तक्रारदाराच्या बाजूनेही निवेदन निघते. त्यावर प्रमोशन हुकलेले, साहेबांशी गणपतीच्या वर्गणीवरून बिनसलेले आणि युनियनच्या निवडणुकीत पडलेले यांच्या सह्या असतात. तक्रार यांनीही वाचलेली नसते. गेल्या खेपेस एका कनिष्ठ सहकाऱ्याने जातीवरून डावलल्याची तक्रार केली, तेव्हा यातील बहुतेकांनी ‘साहेब तसे नाहीत’ यावर सही केलेली असते. ते साहेब यांचे होते. काही जण दोन्ही निवेदनांवर सही करतात. त्यांना समतोल मानले जाते.

चौकशी समितीवर शक्यतो निःपक्षपाती व्यक्ती नेमतात. निःपक्षपाती म्हणजे ज्यांच्या सह्या निवेदनावर खालच्या बाजूला आहेत असे. वस्तुतः आरोपाशी किंवा आरोप असलेल्याशी हितसंबंध असणाराने निवाड्याला बसू नये, हा नैसर्गिक न्यायाचा जुना नियम आहे आणि तो सदस्यांना माहीतही असतो. ते सुरुवातीलाच ‘साहेब माझे जवळचे, पण इथे तसे काही नाही’ असे जाहीर करतात. ही नोंद इतिवृत्तात घेतली की हितसंबंध संपतो.

निकाल बाईंच्या विरोधात गेला तर तो निवेदनाचा विजय ठरतो आणि बाई पुढे नोकरी सोडतात; त्यावर ‘घर आणि नोकरी झेपली नाही’ असा शेरा पडतो. निकाल साहेबांच्या विरोधात गेला तर सह्या करणारांना तो कागद हजेरीचा वाटलेला असतो. साहेबांची बदली होते आणि निरोप समारंभाची यादी फिरू लागते. तिच्यावर चाळीस सह्या व्हायला आठवडा लागतो, कारण त्या यादीत नावापुढे रक्कम लिहायची असते.