चांदीचे मोजे

ताज्या घामाला फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू त्यावर ताव मारतात तेव्हा दुर्गंधी सुटते. म्हणून सुती मोज्यांना, बनियनला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा लेप देऊन त्या जिवाणूंना संपवायचा घाट घातला गेला. लेबल झकास, पण 2008 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी असे मोजे नुसत्या पाण्यात घुसळले, तेव्हा काहींतली जवळजवळ सगळी चांदी मोजक्याच धुण्यांत निघून गेली. म्हणजे गिऱ्हाइकाने पदरमोड करून गटाराचे निर्जंतुकीकरण केले! सांडपाणी शुद्ध करणारेही जिवाणूच. त्यांनी कोणाचे घोडे मारले होते?

जखमेच्या पट्टीत चांदी चालते, मग मोज्यांत का नको, असे कोणी विचारील. पट्टी संसर्ग रोखायला असते आणि वापरून फेकतात. मोजे धुवावे लागतात. लेप पक्का बसवता येतो म्हणावे, तर चांदीचे काम तिचे आयन सुटल्यावरच चालते. सुटली तर संपते, न सुटली तर मारत नाही. गंमत म्हणजे 2014 च्या बेल्जियममधील अभ्यासात व्यायामानंतर सुती शर्टांपेक्षा पॉलिएस्टरच्या शर्टांनाच जास्त दुर्गंधी आली. औषध मात्र सुताला! तेव्हा चांदी दागिन्यांत राहू द्या. मोजे उलटे करून साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा.